फोन तोच, गाडी तीच. मग जोडणी का तुटली?

काही दिवसांपूर्वी शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी आम्ही दोघे सहकारी मोटारीने निघालो होतो. गाडी त्यांची होती आणि चालवतही तेच होते. गाव सोडले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की फोन गाडीच्या ध्वनिसंचाशी जोडला जात नाही. पडद्यावर ‘जोडत आहे’ अशी अक्षरे उमटत, थोड्या वेळाने ‘जोडता आले नाही’ असे येई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दोन वर्षे बिनबोभाट चाललेली ही सोय एका रात्रीत बंद पडली होती. रात्री फोनने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उतरवून घेतली होती, एवढाच काय तो बदल.

एक हात चाकावर, दुसरा फोनवर, असे त्यांचे चालले होते. मी म्हटले, “अहो, आधी गाडी बाजूला घ्या.” चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबलो. त्यांनी फोनमधली गाडीची नोंद पुसून पाहिली, फोन बंद करून पुन्हा सुरू केला. उपयोग झाला नाही. “संचच गेला वाटतं, नवा बसवावा लागणार,” असा निष्कर्ष काढून ते मोकळे झाले.

हा निष्कर्ष घाईचा होता. तो का, हे समजण्यासाठी फोन आणि गाडी यांच्यात काय बोलणे चालते ते पाहावे लागेल.

जोडणीचे तीन टप्पे

ब्लूटूथ म्हणजे थोड्या अंतरावरील उपकरणांनी रेडिओलहरींच्या साहाय्याने एकमेकांशी बोलण्याची पद्धत. दहाव्या शतकातील हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचे नाव तिला दिले आहे. पाच कंपन्यांनी १९९८ मध्ये एकत्र येऊन तिचे सामाईक नियम ठरवण्यास सुरुवात केली, ते कोणाचेही उपकरण कोणाच्याही उपकरणाशी बोलू शकावे म्हणून.

पहिला टप्पा लहरींचा. ब्लूटूथचा मूळ प्रकार २.४०२ ते २.४८० गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील ७९ वाहिन्या वापरतो. याच पट्ट्यात वाय-फायची वर्दळ असते आणि मायक्रोवेव्ह भट्टीही याच्या आसपासच्या लहरी वापरते. गर्दीत बोलणे तुटू नये म्हणून दोन्ही उपकरणे सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलतात, तीही दोघांना ठाऊक असलेल्या एकाच क्रमाने. सन २००३ पासून ज्या वाहिन्यांवर गोंगाट आहे त्या टाळण्याची सोयही झाली.

दुसरा टप्पा ओळखीचा. आपण प्रथम फोन गाडीशी जोडतो तेव्हा दोन्ही पडद्यांवर सहा अंकी संख्या दिसते. दोन्ही ठिकाणी ती एकच आहे ना, हे आपण ताडून पाहतो. मधे तिसरा कोणी घुसलेला नाही, याची ती खात्री असते. ही संख्या म्हणजे किल्ली नव्हे. खरी किल्ली १२८ बिटांची असते. दोन्ही उपकरणे गणिताने ती तयार करतात आणि एकमेकांच्या पत्त्यासह आपापल्या स्मृतीत जपून ठेवतात. पुढच्या वेळी पुन्हा संख्या विचारली जात नाही, ती या साठवलेल्या किल्लीमुळे.

तिसरा टप्पा सेवांचा. ओळख पटली, की एक उपकरण दुसऱ्याला विचारते, ‘तुला काय काय येते?’ फोनवरचे संभाषण, संगीत, गाणे पुढे-मागे करणे, नावांची यादी देणे या सगळ्या स्वतंत्र सेवा आहेत. प्रत्येकीचे नियम वेगळे आणि त्या नियमांच्या आवृत्त्याही वेगळ्या. संभाषणाचा आवाज दोन्ही दिशांनी, विलंब न होता जावा लागतो; म्हणून तो सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुने घेऊन पाठवतात. संगीत एकाच दिशेने जाते आणि त्याचे साधारणतः ४४,१०० नमुने घेतले जातात. म्हणूनच संभाषण नीट चालते पण गाणे वाजत नाही, असे घडू शकते. दोघांचे मार्गच निराळे आहेत.

वर्गात करून पाहा

ओळखीचा टप्पा वर्गात सहज दाखवता येतो. दोन विद्यार्थ्यांना कागदावर एक गुप्त संख्या लिहून द्या, समजा २३. एक विद्यार्थी ‘गाडी’, दुसरा ‘फोन’. गाडीने मोठ्याने कोणतीही संख्या सांगायची, समजा १५. फोनने तिला गुप्त संख्येने गुणून ९७ ने भागायचे आणि बाकी सांगायची. २३ × १५ = ३४५; ९७ ने भागल्यावर बाकी ५४. गाडीनेही तेच गणित मनाशी केलेले असते. उत्तर जुळले, ओळख पटली. गुप्त संख्या मात्र कोणीही उच्चारली नाही.

आता फोनच्या कागदावरील संख्या गुपचूप २४ करा. गाडी पुन्हा १५ म्हणेल, फोन ६९ असे उत्तर देईल आणि गाडी त्याला नाकारेल. वर्गाला विचारा, यात चूक कोणाची? गाडीचे गणित बरोबर, फोनचेही बरोबर. दोघांपैकी कोणीही बिघडलेले नाही. दोघांकडच्या नोंदी तेवढ्या जुळत नाहीत.

वरच्या वर्गातील मुलांना पुढचा प्रश्न द्यावा. १५ आणि ५४ या संख्या ऐकणारा तिसरा विद्यार्थी गुप्त संख्या शोधून काढू शकेल का? शकेल, ९६ शक्यता तपासल्या की झाले. खऱ्या ब्लूटूथमध्ये गणित याहून पुष्कळ अवघड असते आणि १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता ३४ या आकड्यावर ३७ शून्ये मांडावीत एवढ्या असतात.

नव्या आवृत्तीने काय बदलते?

सॉफ्टवेअर बदलले म्हणून फोनमधील अँटेना बदलत नाही. त्यामुळे नव्या आवृत्तीनंतर एकाएकी जोडणी तुटली, तर संशय पहिल्यापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यावर अधिक घ्यावा. तेथे पुढील चार गोष्टी घडू शकतात.

एक, किल्ल्या साठवण्याची जागा किंवा मांडणी बदलते आणि जुनी नोंद हरवते अथवा निरुपयोगी होते. गाडी मात्र जुनी किल्ली धरून बसते.

दोन, सुरक्षिततेचे नियम कडक होतात. सन २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की संभाषण कूटबद्ध करण्यासाठी वापरायच्या किल्लीची लांबी ठरवताना तिसरा कोणी हस्तक्षेप करून ती एका बाइटवर आणू शकतो. एक बाइट म्हणजे जास्तीत जास्त २५६ शक्यता. आपल्या वर्गातील खेळाच्या जवळपासच! त्यानंतर किमान ७ बाइटांची किल्ली वापरावी अशी शिफारस नियमांत आली. अशी मर्यादा पाळणारा फोन तिच्याहून आखूड किल्लीवर अडलेल्या उपकरणाशी बोलणे नाकारतो.

तीन, परवानग्या नव्याने मागितल्या जातात. आयफोनच्या २०१९ मधील आणि अँड्रॉइडच्या २०२१ मधील आवृत्तीपासून ब्लूटूथ वापरू पाहणाऱ्या अॅपांना आपली स्वतंत्र परवानगी लागू लागली. घाईत ‘नको’ वर बोट पडले, की त्या अॅपचे काम थांबते.

चार, एखाद्या सेवेची नवी आवृत्ती फोनमध्ये येते आणि गाडीतील जुन्या संचाला तिचा अर्थ नीट लागत नाही. मग गाणे वाजते, पण पडद्यावर नाव आदल्या गाण्याचेच राहते, किंवा चाकावरची बटणे काम करीत नाहीत.

दोष शोधावा कसा?

येथे प्रयोगशाळेतील जुना नियम उपयोगी पडतो : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी काय झाले ते लिहून ठेवा. पाच उपाय एकदम केले तर जोडणी कदाचित सुरू होईल, पण कशाने ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागेल.

पहिली चाचणी अदलाबदलीची. आपला फोन घरातील दुसऱ्या ब्लूटूथ स्पीकरशी जोडा आणि गाडीला दुसऱ्या कोणाचा फोन जोडा. फोन स्पीकरशी जुळला आणि गाडी कोणत्याच फोनशी जुळत नसेल, तर गाडीचा संच तपासावा. गाडी दुसऱ्या फोनशी जुळते, पण आपला फोन कोठेच जुळत नाही, तर फोन पाहावा. दोन्ही बिनसत असतील, तर दोष दोन्हीकडे आहे की चाचणीच चुकली, हे पुन्हा तपासावे. आणि दोन्ही स्वतंत्रपणे नीट चालत असतील, फक्त एकमेकांशी जुळत नसतील, तर दोष नोंदींच्या किंवा सेवांच्या मेळात आहे. असे असताना कोणतीही वस्तू बदलण्याची घाई करू नये.

दुसरी पायरी लक्षण पाहण्याची. जोडणी मुळीच होत नसेल, तर ओळखीचा टप्पा अडला आहे. जोडणी होते पण संभाषण, संगीत किंवा नावे यांपैकी एकच गोष्ट मिळत नाही, तर सेवेचा टप्पा पाहावा. अँड्रॉइड फोनमध्ये गाडीच्या नावापुढील चिन्ह दाबले, की कॉल, ऑडिओ आणि संपर्क यांसाठी वेगवेगळे खटके दिसतात. त्यांतील एखादा बंद झालेला असू शकतो. नावांऐवजी नुसते क्रमांक दिसत असतील, तर संपर्कांची परवानगी तपासावी. फोनचे नकाशे गाडीच्या पडद्यावर बिनतारी दाखवणारी सोय बंद पडली असेल, तर आणखी एक शक्यता आहे. ही सोय ओळख पटवण्यापुरते ब्लूटूथ वापरते आणि पुढचा सारा मजकूर वाय-फायवरून नेते. म्हणून तेथे फोनचे वाय-फाय चालू आहे ना, हेही पाहावे.

तिसरी पायरी उपायांची. सौम्य उपाय आधी, कठोर नंतर. प्रथम फोन आणि गाडीचा संच दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावेत. गाडीची किल्ली फिरवली तरी काही संच लगेच झोपत नाहीत, म्हणून दार उघडून काही मिनिटे थांबावे. त्याने भागले नाही, तर ओळख पुसून नव्याने करावी, आणि ती दोन्हीकडची पुसावी. गाडीच्या यादीत ठरावीक फोनच मावतात. यादी भरली असेल तर जुनी नावे काढावीत. त्यानंतर गाडीच्या संचासाठी उत्पादकाने नवी आवृत्ती काढली आहे का, हे पाहावे. फोनमधील नेटवर्कची सर्व मांडणी पूर्ववत करणे हा शेवटचा उपाय. त्याने वाय-फायचे साठवलेले पासवर्डही जातात, ते आधी लिहून ठेवावेत.

गाण्याचे नाव चुकणे किंवा बटणे न चालणे एवढाच दोष उरला, तर अँड्रॉइडमध्ये विकासकांसाठीच्या पर्यायांत त्या सेवेची जुनी आवृत्ती निवडता येते. मात्र मूळ पर्याय कोणता होता, हे टिपून मगच त्याला हात लावावा.

टपरीवरचा निकाल

आमच्या बाबतीत माझा फोन त्यांच्या गाडीशी चटकन जुळला आणि त्यांचा फोन माझ्या कानातल्या ब्लूटूथ संचाशी. म्हणजे दोन्ही वस्तू धडधाकट होत्या. त्यांनी फोनमधील नोंद पुसली होती, पण गाडीच्या यादीतील नोंद तशीच होती. तीही पुसली, सहा अंकी संख्या ताडून पाहिली आणि चहा संपायच्या आत जोडणी झाली. संच बदलण्याचा खर्च वाचला.

“मग नवी आवृत्ती घेऊच नये का?” असे त्यांनी विचारले. घ्यावी, २०१९ सारखी उणीव बुजते ती त्यातूनच. फक्त लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री ती घेऊ नये आणि घेतल्यावर गाडी उभी असतानाच जोडणी तपासून पाहावी. चालत्या गाडीत फोन हाती धरणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार धोकादायक वाहन चालवण्यात मोडते आणि त्यासाठी दंडाची किंवा कैदेची शिक्षा होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. तीन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर पन्नास मीटर रस्ता आपण न बघताच ओलांडला. हा हिशोब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर अवश्य करून घ्यावा.

नोंद पुसण्याची सवय आणखी एका वेळी उपयोगी पडते. गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत करताना आपल्या संपर्कातील नावे आणि आलेल्या-गेलेल्या कॉलांची यादी तिच्या संचात राहून गेलेली असू शकते. किल्ली नव्या मालकाच्या हाती देण्यापूर्वी तीही पुसून टाकावी.