बॅग ठेवायचं गाव

पार्क चौकाजवळच्या एखाद्या लॉजच्या काउंटरशी सकाळी सातला उभं राहावं, सोलापूरचा धंदा कळतो. मुंबईहून रात्रभर धावत आलेली सिद्धेश्वर एक्स्प्रेस नुकतीच फलाटाला लागलेली असते. रिक्षातून उतरलेलं कुटुंब भाडं विचारायच्या आधी ‘गरम पाणी किती वाजेपर्यंत?’ हे विचारतं. अंघोळ, चहा, की निघाले. कुणी अक्कलकोटला, कुणी तुळजापूरला; दोन्ही गावं साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. उत्साही मंडळी त्यातच पंढरपूरही बसवतात.

“हितं झोपायला येतेत लोकं, बघायला कोण येतंय?” मॅनेजर किल्ल्या मोजता मोजता म्हणाले.

बघायचं मात्र दारातच आहे. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून भुईकोट किल्ल्याचे बुरूज दिसतात. किल्ला बहमनी काळातला. चांदबिबीच्या लग्नात निजामशाहीने आदिलशाहीला आंदण दिलेला, पुढे पेशव्यांचा आणि 1818मध्ये इंग्रजांचा झालेला. लॉजपासून चालत काही मिनिटांवर चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. 1930च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने येणाऱ्यांपैकी किती जणांना गाडीचं नाव कुणावरून पडलं ते माहीत असेल, कोण जाणे.

किल्ल्यालगतच सिद्धेश्वर तलाव आणि पाण्याने वेढलेलं ग्रामदैवताचं मंदिर. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची एक गोष्ट इथे कुणीही सांगतं. रोज अंगण सारवायला येणाऱ्या कुंभारकन्येचं त्यांच्यावर मन जडलं. ते पडले विरक्त योगी. तिच्या हट्टापुढे त्यांनी तोड काढली, आपल्या योगदंडाशी लग्न करायला परवानगी दिली. ते लग्न गाव अजूनही लावतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी उंचच उंच सात नंदीध्वज तोल सांभाळत पेलून आणतात. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो. वऱ्हाडी म्हणाल तर अख्खं शहर! त्या गड्ड्याच्या दिवसांत आयत्या वेळी खोली मागायला जाऊ नये. जत्रेला सोलापूरकर ‘गड्डा’च म्हणतात.

दुपारच्या जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी पापडासारखी मोडते आणि चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती पलंगाबद्दल. सोलापुरातल्या या लॉजच्या पलंगावर सोलापुरी चादर नाही! गादीवर साधी पांढरी चादर आणि वर गुळगुळीत, पातळ ब्लँकेट. भौगोलिक मानांकन मिळवलेली, देशभर गावाचं नाव नेणारी वस्तू गावातच पाहुण्याच्या अंगावर पडत नाही. मॅनेजरांचं उत्तर तयार होतं: “धुवायला जड, वाळायला दोन दिवस. तेवढं पाणी कुठनं आणायचं?” त्यांचंही बरोबर. या शहरातल्या नळांना काही दिवसांआड पाणी येण्याची सवय वर्षानुवर्षांची आहे.

चादर शोधायची तर पूर्व भागात जायला हवं, पद्मशाली विणकरांच्या वस्तीत. गल्लीत शिरलं की आधी मागांचा खडखडाट येतो, मग माणसं दिसतात. एका पत्र्याच्या शेडमध्ये साठीचे विणकर उभे होते. पाहुण्याशी मराठी, घरात हाक तेलुगूत. मागाच्या डोक्यावर जकार्ड, त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक घर पुढे सरकते. भोक असेल तिथे हुक वर जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा धागा उचलला जातो आणि खालून धोटा निघून जातो. बघता बघता मोराचा पिसारा भरत येतो. मध्येच धागा तुटला. त्यांनी माग थांबवला, दोन टोकं बोटांत धरून गाठ मारली आणि पुन्हा चालू केला. बोलणं मात्र थांबलं नव्हतं. पोरं या धंद्यात नाहीत, पुण्याला असतात. 1877ची ‘जुनी मिल’ कधीच बंद पडली. तिचा भोंगा त्यांना आठवतो. भोंग्यावर घरातलं घड्याळ लावायचे म्हणे.

निघताना चादर घेतली, एका बाजूने लालसर तपकिरी, उलट बाजूने तोच मोर फिकट पिवळ्यात.

रात्री ती लॉजच्या पलंगावर फिकट बाजू वर करून अंथरली. पाण्याची बाटली घेऊन आलेल्या पोऱ्याने एक कोपरा उचलून पाहिला, बाटली ठेवली आणि न विचारता अख्खी चादर उलटी केली.

“अशी टाका साहेब. ही बाजू मळत नाही.”