मीटरमध्ये एबीएसची पिवळी लाइट पेटलीय, मग घाट उतरायचा की नाही?

एमएच ११, एमएच १० आणि एमएच ५०. म्हणजे सातारा, सांगली आणि कराड. या पासिंगच्या दहा-बारा वर्षं जुन्या गाड्या आपल्याकडं रोज घाट चढतात आणि उतरतात. कुणी वाईवरून पाचगणीला, कुणी साताऱ्यातून यवतेश्वर चढून कासला, तर कुणी पाटणवरून कुंभार्ली घाटानं चिपळूणला.

त्यातल्या एखाद्या गाडीत पुढच्या सीटवर बसलात आणि मीटरमध्ये एबीएस लिहिलेली पिवळी लाइट दिसली, की मालकाचं उत्तर ठरलेलं असतं. "ती तशीच असती ओ, ब्रेक लागत्यात की."

आता गंमत अशी आहे की हे उत्तर अर्धं बरोबर आहे. पण राहिलेलं अर्धं समजून न घेता घाटात गाडी घालणं धोक्याचं आहे.

आधी एबीएस काय करतं ते बघू

समोर अचानक म्हैस आली आणि तुम्ही ब्रेकवर उभे राहिलात, तर चाकं जाम होतात. चाक जाम झालं की टायर फिरत नाही, नुसता घसरतो. आणि घसरणाऱ्या टायरवर स्टेअरिंग चालत नाही. तुम्ही चाक डावीकडं वळवता, गाडी मात्र सरळच जाते.

हे टाळण्यासाठी प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर बसवलेला असतो. चाकाबरोबर एक दातेरी रिंग फिरते, काही गाड्यांत दात्यांऐवजी बेअरिंगमध्येच चुंबकाची पट्टी असते. सेन्सर त्यावरून चाकाचा वेग मोजतो आणि कंट्रोल युनिटला कळवतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंद झालं, की युनिट त्या चाकाच्या ब्रेकचं प्रेशर क्षणभर सोडतं आणि पुन्हा देतं. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं. त्यामुळंच जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली पेडल थरथरतं आणि कर्रकर्र आवाज येतो. तो बिघाड नाही, एबीएस काम करतंय.

१९७८ मध्ये बॉश कंपनीची ही सिस्टीम मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आली. आपल्याकडं नव्या कार्सना ती सक्तीची झाली एप्रिल २०१९ पासून. त्याआधी बऱ्याच मॉडेल्सना एबीएस फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळायचं. त्यामुळं एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमध्ये एकीला एबीएस आहे आणि दुसरीला नाही, असं सर्रास दिसतं.

पिवळी लाइट वेगळी, लाल लाइट वेगळी

पिवळी एबीएस लाइट पेटलेली असेल तर एबीएस बंद झालंय. साधे हायड्रॉलिक ब्रेक चालू आहेत. गाडी थांबेल, पण जोरात ब्रेक मारला तर चाकं जाम होऊ शकतात.

लाल लाइट म्हणजे वर्तुळात उद्गारचिन्ह. आधी हँडब्रेक वर राहिलाय का ते बघा. नसेल तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, आणि ते कमी होण्याचं कारण लिकेज असू शकतं किंवा ब्रेक पॅड झिजलेले असू शकतात. पेडल मऊ लागत असेल किंवा खाली जात असेल, तर गाडी तिथंच थांबवायची आणि मेकॅनिकला बोलवायचं.

दोन्ही लाइट एकदम पेटल्या तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडली, असा असतो. मग जोरात ब्रेक लावताना मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. अशी गाडी घाटात घालायचीच नाही.

आपल्या भागात बिघाड येतो कुठून?

बऱ्याचदा युनिट चांगलं असतं आणि दुखणं चाकापाशी असतं.

सांगली, वाळवा, कराड पट्ट्यात ऊसाचा हंगाम सुरू झाला की डबल ट्रॉल्यांच्या मागं रस्त्यावर माती आणि पाचट पडतं, त्यात पाऊस झाला की चिखल. हा चिखल सेन्सरवर जाऊन बसतो. ब्रेक पॅड झिजून निघणारी लोखंडाची पूडही तिथंच चिकटते. सेन्सरला मग चाक नीट दिसत नाही.

दुसरं कारण महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ ला पुन्हा पूर आला. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये पाणी शिरतं आणि पिनांवर हिरवा गंज चढतो. इंजिन सुरू होतं, गाडी धुऊनपुसून चकाचक होते, पण असा बिघाड काही महिन्यांनीही डोकं वर काढू शकतो.

तिसरं कारण उंदीर. गोठ्याशेजारी नाहीतर रानात गाडी लावली की वायरा कुरतडल्या जातात.

आणि एक खूण लक्षात ठेवा. गाडी हळूहळू थांबवताना, अगदी आठ-दहाच्या स्पीडला पेडल विनाकारण थरथरत असेल, तर दातेरी रिंगला तडा गेलाय किंवा सेन्सरचा सिग्नल कमजोर आहे, असा संशय घ्यायचा.

मग तपासायचं कसं? क्रमानं.

१. बॅटरी. व्होल्टेज पडलं की एबीएस स्वतःला बंद करून घेतं. सेल्फ मारताना गाडी कण्हत असेल तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि चार्जिंग तपासा.

२. फ्यूज आणि ब्रेक ऑइल. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर एबीएसचा फ्यूज कोणता ते लिहिलेलं असतं. ऑइल कमी दिसलं तर नुसतं भरून गप्प बसू नका, ते गेलं कुठं ते शोधा.

३. टायर. चारही एकाच साइजचे आहेत का? एक वेगळ्या साइजचा असेल तर त्याचा वेग वेगळा येतो आणि युनिट गोंधळतं.

४. स्कॅनर. बिघाडाचा कोड युनिटमध्ये साठवलेला असतो. पण ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ रीडर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे पी अक्षराचे कोड दाखवतात. एबीएसचे कोड सी अक्षरानं सुरू होतात. त्यामुळं गॅरेजमध्ये आधीच विचारा, "दादा, तुमचा स्कॅनर एबीएस वाचतो का?"

५. ज्या चाकाचा कोड आला, तेच चाक उघडा. सॉकेट काढून पिना बघा, वायर स्टेअरिंगबरोबर वळते तिथं तुटलीय का बघा, सेन्सरचं टोक आणि रिंग साफ करा. जुन्या पद्धतीच्या दोन वायरींच्या सेन्सरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर साधारण ८०० ते २००० ओहम येतो. नव्या ॲक्टिव्ह सेन्सरवर मात्र ही टेस्ट करायची नाही.

६. अलीकडं बेअरिंग बदललं असेल तर ते उलटं बसलंय का बघा. चुंबकाची पट्टी बाहेरच्या बाजूला गेली की सेन्सरला काहीच दिसत नाही.

एवढं सगळं झाल्यावरच एबीएस मॉड्यूलवर संशय घ्यायचा. सेन्सरच्या मानानं मॉड्यूल कितीतरी महाग असतं, आणि वायर तुटलेली असेल तर नवीन मॉड्यूल टाकूनही लाइट तशीच राहते.

लाइट पेटलीय आणि घाट समोर आहे

फक्त पिवळी लाइट आहे, पेडल कडक आहे, ऑइल पुरेसं आहे, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. पण उताराला पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. ओल्या रस्त्यावर तर त्याहून जास्त. चाकं जाम होऊन घसरायला लागली, तर पेडल थोडं सोडायचं, स्टेअरिंगचा ताबा घ्यायचा आणि पुन्हा दाबायचं. एबीएस चालू असलेल्या गाडीत याच्या उलट करायचं, पेडल घट्ट दाबून धरायचं आणि गाडी वळवायची.

पाचगणी साधारण १३०० मीटर उंचीवर, वाई सातशेच्या आसपास. हा सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात, आणि तिथं एबीएस कितीही चांगलं असलं तरी वाचवत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. मानकानुसार नवीन डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, तर पाणी शोषलेल्या ऑइलचा १५५ अंश धरला जातो. ऑइल उकळलं की पेडल रिकामं खाली जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा.

आणि "न्यूट्रल मारली की पेट्रोल वाचतं" हे डोक्यातनं काढून टाका. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलेटर सोडला, की उताराला इंधन जवळजवळ बंदच होतं. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, कारण दोन-तीनदा ब्रेक दाबला की बूस्टरची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

जुनी गाडी घेताय? मग ही पाच सेकंदांची टेस्ट करा

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. एबीएसची लाइट पेटली पाहिजे आणि काही सेकंदांत किंवा इंजिन सुरू केल्यावर विझली पाहिजे. ज्या गाडीला एबीएस आहे तिची लाइट मुळात पेटलीच नाही, तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा लाइट दाबून टाकलीय, असं समजून स्कॅनर लावल्याशिवाय व्यवहार करू नका. पुराच्या पट्ट्यातली गाडी असेल तर सीटखालचं कार्पेट उचलून गाळ आणि गंजही बघा.

घरच्या गाडीची लाइट पेटलेली असेल आणि गॅरेजमध्ये कुणी पहिल्याच झटक्यात "मॉड्यूल गेलंय" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा. कोड कोणता आला? उत्तर मिळाल्याशिवाय पैसे काढू नका.