गरोदर बाईच्या रक्तातले 'के' कसे ओळखावे?



मागच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक सासू आपल्या सात महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन आम्हांला भेटली. सुनेच्या माहेरी शेजारणीचे बाळ महिन्याचे असताना डोक्यात रक्तस्राव होऊन दगावले. 'जीवनसत्त्व के' कमी पडले, असे डॉक्टरांनी सांगितले. "फादर, माझ्या रक्तात ते किती आहे, आताच तपासून घेऊ का?" असे ती विचारीत होती. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहोत.

हे जीवनसत्त्व सापडले ते कोंबड्यांमुळे. डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांनी पिलांना स्निग्धांश काढलेले खाद्य दिले, तेव्हा पिलांच्या अंगात रक्तस्राव होऊ लागला. रक्त गोठवणारे म्हणून त्यांनी १९३५ मध्ये त्याला 'के' हे अक्षर दिले. त्यांच्या भाषेत गोठण्याच्या शब्दाचे पहिले अक्षर तेच. गुरांनीही यात भर घातली. १९३३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि बुरशी लागलेली वैरण घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे गेला. त्या नासलेल्या वैरणीतील द्रव्य 'के'चे काम बंद पाडते, असे पुढे कळले. त्यावरूनच वॉरफरिन तयार झाले. ते आधी उंदीर मारण्याचे औषध होते, नंतर माणसांना रक्त पातळ ठेवण्यासाठी दिले जाऊ लागले.

रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात. त्यांना शेवटचा हात 'के' फिरवते. ते नसेल तर प्रथिने रक्तात येतात, पण अर्धवट. जू आहे, पण शिवळा बसवलेल्या नाहीत. अशा जुवाला बैल कसा जुंपणार?

आता तपासणीकडे वळू. नेहमीची तपासणी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, कागदावर 'पी. टी.' लिहितात ती. रक्त किती सेकंदांत गोठते हे ती सांगते. पण प्रोथ्रॉम्बिन जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत तिच्यात फरक दिसत नाही. विहिरीचे पाणी तळाला गेल्यावरच बोंब मारणारा हा राखणदार आहे. म्हणून पी. टी. ठीक आली, याचा अर्थ साठा भरपूर आहे असा नव्हे. उलट ती बिघडली तर दोष यकृताचाही असू शकतो. तेव्हा डॉक्टर 'के'चे इंजेक्शन देऊन पुन्हा पी. टी. पाहतात. ती सुधारली तर उणीव 'के'ची होती. न सुधारली तर यकृताकडे पाहावे लागते.

रक्तातील 'के' थेट मोजताही येते. परंतु तो आकडा बहुधा काल-परवाचे जेवण सांगतो. काल माठाची भाजी भरपूर खाल्ली की आकडा वर, चार दिवस नुसता भात-आमटी खाल्ली की खाली. रक्तात चरबी जास्त असली तरी तो फुगतो. तिसरी तपासणी त्या अर्धवट प्रथिनांची, तिला 'पिव्का' म्हणतात. ती पी. टी.पेक्षा लवकर इशारा देते. मात्र यकृताच्या काही रोगांतही ती वाढते. एवढ्यावरून अमुक आकड्याखाली उणीव, असे एका तपासणीवरून ठरवता येत नाही. धडधाकट बाईने यासाठी पैसे घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोच पैसा आधी हिमोग्लोबिनसाठी लागू दे.

मग स्थिती ओळखायची कशी? विचारपूस करून. आठवड्यात पालेभाजी किती वेळा खाता? (आणि घरात शिजते ती नव्हे, तुमच्या ताटात येते ती. शेवटी जेवणाऱ्या बाईला पुष्कळदा पातेल्यातला रसच उरतो.) कावीळ, जुने जुलाब आहेत का? फिटची गोळी, क्षयाचे औषध, वॉरफरिन चालू आहे का? हिरड्यांतून रक्त येते का, न लागताच अंगावर काळे-निळे डाग पडतात का? यांतले एकही उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांना सांगा, तपासणी तेव्हा कामाची. झडपेच्या आजारासाठी वॉरफरिन घेणाऱ्या बाईने तर दिवस राहण्याआधीच सांगावे, कारण ते औषध गर्भाला अपाय करते. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

बाईला दिवसाला सुमारे ९० मायक्रोग्रॅम 'के' पुरते. पालक, माठ, मेथी, शेवग्याचा पाला यांत ते विपुल असते आणि शिजवल्याने फारसे जात नाही. पण ते तेलातुपाबरोबरच अंगी लागते, म्हणून फोडणीत कंजुषी नको. कोबीची बाहेरची हिरवी पाने आपण म्हशीला टाकतो. आतल्या पांढऱ्या पानांपेक्षा 'के' त्यांतच अधिक. फवारणी झाली असेल तर मात्र नीट धुऊन घ्या.

एक गोष्ट त्या सुनेला आम्ही दोनदा सांगितली. आईचे 'के' कितीही चांगले असो, वारेतून बाळाकडे फार थोडे जाते. नाळेच्या रक्तात ते आईच्या मानाने वीस-तीस पटींनी कमी असते. आईच्या दुधातही लिटरला जेमतेम १ ते ४ मायक्रोग्रॅम. म्हणून दूध तोडायचे नाही, दूधच पाजायचे. पण जन्मल्याबरोबर बाळाच्या मांडीत 'के'चे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन द्यायचे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम. भारत सरकारने २०१४ मध्ये दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळासाठी तशा सूचना काढल्या. शेजारणीच्या बाळाला ते मिळाले होते की नाही, हे कोणाला ठाऊक नव्हते. तेव्हा बाळंतपणाआधीच नर्सबाईंना विचारून ठेवा आणि दिल्यावर कार्डावर लिहून घ्या. घरी किंवा वाटेत गाडीतच प्रसूती झाली, तर दवाखान्यात पोचताच पहिल्यांदा तेच मागा.