अंगण कधी कधी खरेच वाकडे असते

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण एन.सी.सी.च्या फायरिंगच्या दिवशी हमखास कानी पडते. एखाद्या छात्राच्या पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या आणि त्याने रायफलीकडे बोट दाखवले, की उस्तादांपासून शेवटच्या रांगेपर्यंत सारे हसतात. बहुतेक वेळा हसणारेच बरोबर असतात, नेहमी मात्र नव्हे. आणि निवड जर त्या पाच गोळ्यांवर व्हायची असेल, तर दोष माणसाचा की नळीचा हे ओळखता आले पाहिजे. म्हणून कला शाखेच्या अंकात हा लोखंडी विषय! वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या हाती येते ती ‘पॉइंट टू-टू’ रायफल. तिचे काडतूस रिमफायर जातीचे, म्हणजे पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते आणि कड चेपली की बार उडतो. गोळी मऊ शिशाची, सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, वरून मेणचट वंगण लावलेली. नळीच्या आत पेचदार चर असतात. सोळा इंचांत त्यांचा एक फेरा पुरा होतो. दोन फुटांच्या नळीत गोळी जेमतेम दीड गिरकी घेते, पण बाहेर पडताना तिची गती सेकंदाला आठशे गिरक्यांच्या घरात असते. भोवरा फिरतो म्हणून उभा राहतो, तशी गोळी फिरते म्हणून सरळ जाते. भोवऱ्याची जाळी सुटताना शेवटच्या क्षणी हिसका बसला तर काय होते, हे ज्याने भोवरा फिरवला आहे त्याला सांगायला नको. नळीच्या तोंडाची कड एका बाजूने झिजली, की गोळीला असाच हिसका बसतो.

गोळ्या झाडून झाडून नळी झिजते, असा आपला समज असतो. शिसे पोलादाला कितीसे झिजवणार? या नळ्यांचे शत्रू दोन : गंज आणि गज.

गंजाची कथा रसायनशास्त्राची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी काडतुसांच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळीत उरे, आणि तो पावसाळ्यातल्या मिठासारखा हवेतले पाणी ओढून घेई. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुने शिपाई नळीतून चक्क उकळते पाणी ओतत आणि मग कोरडी करून तेल लावत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस गंज न आणणारी मिश्रणे आली, पण त्याआधीच्या अनेक नळ्यांना आतून देवीचे व्रण पडले ते पडलेच. अशा व्रणांत शिसे अडकते, त्यावर आणखी शिसे बसते. तारेच्या ब्रशाने ते काढता येते. व्रण भरून येत नाहीत.

गजाचे दुखणे मात्र पूर्णपणे मानवनिर्मित. साफसफाईच्या उत्साहात पोलादी गज तोंडाकडून घालून खसाखसा ओढला, की नेमकी ती नाजूक कड घासली जाते. रायफलीचा बोल्ट निघतो, तेव्हा गज मागून घालावा, एकाच दिशेने ढकलावा आणि चिंदी तोंडातून बाहेर आली की काढून टाकावी. तीच मळकी चिंदी परत ओढणे म्हणजे नळीला वाळूने घासणे.

रिव्हॉल्व्हरची अडचण याहून मोठी. स्मिथ अँड वेसनचे पहिले रिमफायर रिव्हॉल्व्हर १८५७ सालचे. आजच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांत नळीच्या मागे चौकट आडवी येते, त्यामुळे गज मागून घालताच येत नाही. तिथे तोंडावर पितळी टोपण बसवून गज मधोमध ठेवतात, किंवा दोरीला चिंदी बांधून मागून पुढे ओढतात. शिवाय काडतुसांचे चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. गोळी ती ओलांडून नळीच्या फुगीर मुखात शिरताना शिशाचा कीस तिथेच साचतो. जुन्या रिव्हॉल्व्हरचा नेम बिघडला तर आधी ही जागा पाहावी. मला विचाराल तर चकचकीत बाह्यांगापेक्षा एवढा इंचभर भागच अधिक बोलका!

आता निवाडा. उस्तादांच्या देखरेखीखाली, रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळीतून उजेडाकडे पाहावे : चर स्वच्छ दिसतात का, की काळे डाग? नंतर वाळूच्या पिशवीवर टेकवून दोघा चांगल्या नेमबाजांनी पाच-पाच गोळ्या माराव्यात. गोळ्या एकत्र पण मध्याबाहेर पडल्या तर साईटकडे पाहावे. दोघांच्याही विखुरल्या, तर छात्राची तक्रार खरी असण्याचा संभव पुष्कळ.

आणखी एक. तेल लावून ठेवलेली नळी कोरडी केली तरी पहिल्या दोन-चार गोळ्या जरा भलतीकडे जातात. वंगणाचा पातळ थर बसला की ती स्थिरावते. सकाळच्या पहिल्या डिटेलमधल्या मुलामुलींचे गुण त्यात जातात. निवडीच्या दिवशी प्रत्येक रायफलीतून तेवढ्या गोळ्या आधीच मातीच्या बांधात झाडून टाकाव्यात, एवढी आमच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे.