जुन्या मोटारीचे इंजेक्टर

दीड-दोन लक्ष किलोमीटर धांवलेली मोटार उभ्या जागीं थरथरूं लागली, चढावर दम टाकूं लागली आणि पेट्रोल मात्र पूर्वींपेक्षां अधिक पिऊं लागली, कीं 'इंजेक्टर गेले' असें निदान शेजारीपाजारी चटकन करून टाकतात. तें खरेंही असूं शकतें. पण पुष्कळदां रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला, असा प्रकार होतो.

इंजेक्टर ही विद्युच्चुंबकानें उघडझांप करणारी चिमुकली झडप होय. १९६७ सालीं फोक्सवागन १६०० या गाडीवर जर्मनीच्या बॉश कंपनीची विजेच्या आज्ञेनें चालणारी ही योजना आली, आणि पुढें कार्ब्युरेटर मागें पडत गेला. झडपेच्या मुखाशीं अतिसूक्ष्म छिद्रें असतात. तापलेलें इंजिन बंद केल्यावर तेथें उरलेल्या थेंबाची वाफ होऊन राळेसारखा थर मागें राहतो. वर्षानुवर्षें तो सांचला म्हणजे धुक्यासारख्या फवाऱ्याची धार होते, व त्या सिलिंडरांतील ज्वलन बिघडतें.

परंतु झिजलेला प्लग किंवा अधू झालेली कॉइलही हींच लक्षणें दाखविते. म्हणून स्वस्त वस्तू आधीं तपासाव्या. लांब पेचकसाचें टोंक इंजेक्टरवर व मूठ कानाशीं धरली, तर चालू इंजिनांत त्याची टिकटिक ऐकूं येते. मुका तो संशयित. मात्र दोष त्याच्या तारेंतही असूं शकतो. खरी कसोटी म्हणजे संशयिताची दुसऱ्या सिलिंडरावर बदली करणें. बिघाड पाठोपाठ गेला, तर चोर सांपडला. नुसता तुंबलेला इंजेक्टर यंत्रावर धुऊन घेतां येतो, हेंही नवे विकत घेण्यापूर्वीं ध्यानांत असावें.

ज्या पेट्रोल गाडींत इंजेक्टर हवेच्या मार्गांत फवारतो, तिच्यावरच घरीं हात घालावा. थेट सिलिंडरांत फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत दाब शंभर बारांच्या वर जातो, आधुनिक डिझेलांत हजाराच्याही वर. तसली धार कातडी भेदून आंत शिरते. तें काम कारागिराचेंच.

साध्या गाडींतही, इंजिन बंद असतां, इंधननळींत सुमारें तीन बार, म्हणजे चाकांतील हवेहून अधिक, दाब कोंडलेला असूं शकतो. गाडी उघड्यावर, इंजिन थंड, आणि जवळपास विडी, शेगडी, किंबहुना देवापुढचें निरांजनही नको. पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करावें. तें आपोआप बंद पडेल. स्टार्टर आणखी एकदोनदां फिरवून मग बॅटरीची ऋण तार सोडावी. तरीही नळी उकलतांना खालीं फडकें हवेंच.

इंजेक्टरभोंवतालची धूळ आधीं झाडावी, नाहीं तर ती सरळ इंजिनांत पडते. तारांच्या जुन्या प्लॅस्टिकच्या टोप्या ठिसूळ झालेल्या असतात. ओढाताण करूं नये. इंजेक्टर किंचित् हलवीत सरळ वर काढावा, आणि जुनें रबरी कडें खांचेंत अडकून राहिलें नाहीं ना, हें पाहावें. नवीं कडीं पेट्रोल सोसणाऱ्या रबराचींच असावीं. त्यांवर स्वच्छ इंजिन-तेलाचा एक थेंब लावून इंजेक्टर दाबून बसवावा. कोरडें कडें बसतांना चिरतें, व चीर डोळ्यांना दिसत नाहीं.

सर्व जोडून, फ्यूज व बॅटरी जागच्या जागीं आल्यावर, इंजिन न फिरवितां केवळ किल्ली दोनतीनदां चालू-बंद करावी. पंप दाब भरील. मग विजेरीच्या उजेडांत प्रत्येक सांधा न्याहाळावा. ओल किंवा वास आला, तर सुरू न करतां सर्व पुन्हां खोलावें. इंजिन तापल्यावर आणखी एकदां पाहावें; थंडपणीं गप्प असलेली गळती कधीं कधीं तापल्यावर उघडी पडते.