पगारातले दोनशे रुपये



काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एक रखवालदार आमच्या युनियनच्या कचेरीत आला. पगार बारा हजार. हातात फेब्रुवारीची पगारचिठ्ठी. म्हणाला, “अण्णा, दर महिन्याला दोनशे कापतात ते कापतात; या खेपेला तीनशे कापले. वरचे शंभर कोणी खाल्ले?”

ते शंभर कोणी खाल्ले नव्हते. हिशेब सांगितल्यावर त्याची खात्री पटली, पण उठता उठता त्याने दुसरा प्रश्न विचारला, “मग हे दोनशे तरी जातात कुठे?” या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज आपल्यापुढे मांडावे, एवढाच माझा हेतू आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे; माझी शाळा दहावीलाच सुटली. कामगार कागद घेऊन येत गेले आणि त्या कागदांचा अर्थ लावता लावता थोडाफार कायदा शिकलो, इतकेच.

ज्याला आपण सारे ‘प्रोफेशनल टॅक्स’ किंवा नुसते ‘पी. टी.’ म्हणतो, तो व्यवसाय कर. महाराष्ट्राने यासाठी १९७५ साली कायदा केला. हा कर केंद्राचा नव्हे, राज्याचा. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने तो बसविण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे; पण त्याच कलमात एक मर्यादाही घातली आहे. एका माणसाकडून वर्षाला अमुक रकमेहून अधिक घ्यायचे नाही. घटना झाली तेव्हा ही मर्यादा २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली. त्यानंतर ती हललेली नाही. आता रखवालदाराचा हिशेब पाहा: अकरा महिने दोनशेप्रमाणे २,२०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून बरोबर २,५००. वरचे शंभर ते हे.

दुकानदार, वकील, डॉक्टर यांना हा कर स्वतःच्या नावाने वर्षाला एकदा भरावा लागतो. त्यांच्या हाताखाली करपात्र पगाराचा नोकर असेल, तर त्याचा कर कापून भरण्यासाठी मालकाला वेगळी नोंदणी करावी लागते. इथे बसलेल्या व्यापारी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: नोकराच्या पगारातून कर कापायला मालक विसरला, तरी तो भरण्याची जबाबदारी मालकावरून टळत नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, विक्रीकर गेला, इतर अनेक कर त्यात विरघळले. पण व्यवसाय कराला घटनेत स्वतःचे कलम असल्याने तो उभाच राहिला.

आता तो जातो कुठे? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सुकडी खाऊन आणि खडी फोडून लोक जगले. त्या सुमारास विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी एक कल्पना सरकारपुढे ठेवली: दुष्काळ पडला म्हणून दयेने काम देण्यापेक्षा, जो मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे असा हक्कच द्यावा. त्यातून रोजगार हमी योजना निघाली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. कामाची मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे. न दिल्यास बेकारीचा भत्ता द्यायचा.

हक्क म्हटला की पैसा लागतो. तो आणायचा कुठून? ठरले असे की, शहरातल्या कमावत्या माणसाने खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीला हातभार लावावा. म्हणून व्यवसाय कर आणि त्याच्या जोडीचे आणखी काही कर रोजगार हमी निधीत जमा करायचे, आणि त्यांतून जेवढे येईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी व्यवस्था झाली.

बंधुभगिनींनो, हे मी पुस्तकात फार उशिरा वाचले. आमचे गाव माणदेशातले. १९७७ च्या उन्हाळ्यात मी आठ वर्षांचा होतो आणि माझी आई रोजगार हमीच्या पाझर तलावावर मुरूम वाहत होती. दुपारी मी भाकरी घेऊन जायचो. मुकादम हजेरीपटावर तिच्या नावापुढे खूण करायचा, ती मी मान उंच करून बघायचो. माझे चुलते तेव्हा मुंबईत कामाला होते. सुटीवर आले की पगारातल्या कापाकापीवर चिडायचे. त्या कापाकापीत हा करही असायचा. तो पैसा आपल्याच भावजयीच्या हजेरीपटाकडे चालला आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितले नाही. सांगितले असते तर ते चिडले नसते, एवढे मी खात्रीने म्हणू शकतो.

म्हणजे या कराचा उद्देश उत्तम. माझी तक्रार उद्देशाबद्दल नाही, ओझ्याच्या वाटणीबद्दल आहे. आज महाराष्ट्रात पुरुष नोकरदाराला साडेसात हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही. त्यापुढे दहा हजारांपर्यंत महिना १७५ रुपये, आणि दहा हजारांच्या वर सर्वांना सारखेच २,५०० वर्षाला. आता साधे त्रैराशिक मांडा. बारा हजारांच्या रखवालदाराची वर्षाची कमाई १,४४,००० रुपये. त्यातले २,५०० म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. महिना पाच लाख घेणाऱ्या मोठ्या साहेबाची कमाई ६० लाख. त्याचेही २,५००, म्हणजे शंभर रुपयांमागे जेमतेम चार पैसे. बंगल्याच्या फाटकावर उभा असलेला आणि गाडीतून त्या फाटकातून आत जाणारा, दोघांचा कर एकच! वरची मर्यादा १९८८ पासून गोठलेली, आणि महागाईपाठोपाठ पगाराचे आकडे वाढत गेल्याने खालचा माणूस आपोआप वरच्या पायरीवर ढकलला गेलेला. शिडी होती तिचा ओटा झाला.

वरची मर्यादा वाढवायची तर घटना बदलावी लागेल. ते संसदेचे काम. पण खालची मर्यादा राज्याच्या हातात आहे, आणि मनात आणले तर ती बदलता येते. १ एप्रिल २०२३ पासून स्त्रियांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर माफ झाला. पूर्वी ती मर्यादा दहा हजारांची होती. ही फार चांगली गोष्ट झाली. जे बहिणीला दिले ते तेवढ्याच पगाराच्या भावालाही द्यावे, ही आमची मागणी आहे. आणि तिजोरीची तूट राज्याने वरच्या माणसाकडून इतर मार्गाने भरून काढावी. मजुराच्या हमीला कात्री लावू नये.

या सावधगिरीला कारण आहे. महाराष्ट्राच्या योजनेच्या धर्तीवर २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती आणि मजुरीचा खर्च केंद्र देई. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी संसदेने नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ केले. पण खर्चाचा ४० टक्के वाटा आपल्यासारख्या राज्यांवर टाकला. म्हणजे राज्याच्या तिजोरीला पुन्हा खांदा द्यावा लागणार. तेव्हा हा पैसा कोणाकडून येतो आणि कशासाठी येतो, हा प्रश्न जुना झालेला नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कायदा बदलला म्हणजे पगारचिठ्ठी बदलतेच असे नाही. २०२३ साली एका ठेकेदाराकडे सफाईचे काम करणाऱ्या बायकांचा पगार सोळा हजार होता. कर माफ होऊनही ऑगस्टपर्यंत पाच महिने त्यांचे दोनशे कापले जात होते. ठेकेदाराचा कारकून म्हणे, “संगणकात तसेच येते.” आम्ही लेखी अर्ज दिला, नव्या दराचा कागद जोडला आणि प्रत्येकीचे हजार रुपये परत आणले. त्यांतली एक म्हणाली, “अण्णा, भांडावे लागले नाही, नुसते वाचावे लागले.” म्हणून माझी विनंती आहे: घरी गेल्यावर आपली पगारचिठ्ठी वाचा, आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या, आपल्या दुकानात राबणाऱ्या, आपल्या इमारतीच्या फाटकावर उभ्या असणाऱ्या माणसालाही त्याची चिठ्ठी वाचून दाखवा.

तो रखवालदार त्या दिवशी शेवटी काय म्हणाला, ते सांगतो आणि थांबतो. दोनशे रुपये कुठे जातात ते ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “जाऊ द्यात की मग. आमची म्हातारीही त्याच कामावर होती. फक्त साहेबाचे जरा जास्त कापा म्हणावे.”