अवकाश-संशोधनाच्या वारशाचे जतन आणि त्याचा खर्च : मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : अवकाश-संशोधनातील जुनी उपकरणे, नोंदी आणि वास्तू यांचे जतन करण्याचा खर्च कोणी आणि कोणत्या मार्गाने उचलावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईतील उदाहरणांच्या आधारे केला आहे. शासकीय अनुदान, उद्योगसमूहांचा निधी, लोकवर्गणी आणि शिक्षणसंस्थांचे सहकार्य या चार मार्गांचे स्वरूप व मर्यादा येथे तपासल्या आहेत.

प्रस्तावना :

भारतीय अवकाश कार्यक्रम म्हटले की थुंबा, श्रीहरिकोटा आणि बंगळूरु ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. मुंबईचे नाव या यादीत क्वचितच घेतले जाते. वस्तुतः या कार्यक्रमाची प्रशासकीय मुळे मुंबईत आहेत. १९६२ साली अणुऊर्जा विभागाच्या अंतर्गत भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती (इन्कोस्पार) स्थापन झाली, तेव्हा त्या विभागाचे मुख्यालय मुंबईत होते. डॉ. होमी भाभा विभागाचे सचिव होते आणि समितीची धुरा डॉ. विक्रम साराभाई यांच्याकडे होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिले अग्निबाण उड्डाण झाले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली, तीही अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली. १९७२ मध्ये स्वतंत्र अवकाश विभाग निर्माण होईपर्यंत ही व्यवस्था कायम होती. त्याही आधीपासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ फुग्यांच्या साहाय्याने उपकरणे उंच वातावरणात पाठवून वैश्विक किरणांचा अभ्यास करीत होते.

या इतिहासाची भौतिक साधने, म्हणजे उपकरणे, छायाचित्रे, पत्रव्यवहार, नोंदवह्या आणि वास्तू, टिकवायची असतील तर त्यांवर पैसा खर्च करावा लागतो. हा खर्च कशासाठी करावा, हा पहिला प्रश्न. तो कोणी करावा, हा दुसरा.

कुलाबा वेधशाळेच्या नोंदी :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुलाब्याच्या वेधशाळेने दिले आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरील प्रखर उद्रेक पाहिला. त्यानंतर जगभर तारयंत्रे विस्कळीत झाली. त्या वेळी कुलाब्यातील निरीक्षकांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात झालेली घट हाताने नोंदवून ठेवली. ती घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला इतकी होती.

या आकड्याचे महत्त्व तेव्हा कोणाला पूर्णपणे उमगणे शक्य नव्हते. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह या नोंदींच्या आधारे त्या सौरवादळाच्या तीव्रतेचा अंदाज मांडला. उपग्रह, वीजवाहिन्या आणि दळणवळण यांना अशा वादळापासून किती धोका संभवतो, याचा विचार करताना आज जगभर कुलाब्याच्या नोंदींचा आधार घेतला जातो. म्हणजेच ज्या वह्या १४४ वर्षे केवळ 'जुने कागद' होत्या, त्या अवकाश-हवामानाच्या शास्त्राचे मूलभूत साधन ठरल्या.

मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे दिसू लागल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाचा निरीक्षणांवर परिणाम होऊ नये म्हणून १९०४ साली अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. दोन्ही ठिकाणी १९०६ पर्यंत समांतर निरीक्षणे घेऊन मालिका अखंड राखली गेली. मूळ काम संपल्यावरही साधन सांभाळायचे असते आणि त्यासाठी खर्च करायचा असतो, ही दृष्टी त्या निर्णयात होती.

खर्च नेमका कशावर होतो :

जतनाचा खर्च तीन प्रकारचा असतो. वस्तू मिळविण्याचा खर्च एकदाच येतो. तिच्यावरील शास्त्रीय प्रक्रिया, म्हणजे स्वच्छता, दुरुस्ती व परीक्षण, यांचा खर्च अधूनमधून येतो. तापमान व आर्द्रता नियंत्रित ठेवणे, सुरक्षा, सूचीकरण आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांचा खर्च मात्र कायमचा असतो. देणगीदाराला पहिला खर्च आकर्षक वाटतो, कारण त्यावर नावाची पाटी लावता येते. तिसऱ्या खर्चासाठी देणगीदार सहसा मिळत नाही, आणि संग्रह बहुधा त्याच्याच अभावी नष्ट होतात.

अवकाश-संशोधनातील वस्तूंबाबत आणखी एक अडचण आहे. दगडी शिल्प किंवा पितळी भांडे शतकानुशतके टिकते. परंतु रबर, प्लॅस्टिक, चुंबकीय फीत, छायाचित्रण फिल्म आणि हलके मिश्रधातू काही दशकांतच खराब होऊ लागतात. या वस्तू एका मोहिमेपुरत्या बनविलेल्या असतात. त्यात मुंबईची दमट आणि खारी हवा भर घालते. पावसाळ्याचे चार महिने फिल्मवर बुरशी आणि धातूवर गंज चढण्यास पुरेसे असतात.

कायद्याची चौकटही या वस्तूंना पुरेशी नाही. १९७२ च्या पुरावशेष व कला-निधी अधिनियमानुसार वस्तू किमान १०० वर्षांची, तर शास्त्रीय वा ऐतिहासिक मूल्याचा दस्तऐवज किमान ७५ वर्षांचा असेल, तरच तो 'पुरावशेष' ठरतो. १९६० च्या दशकातील उपकरण या व्याख्येत बसत नाही. ते व्याख्येत बसेपर्यंत टिकेलच, याची शाश्वती नाही.

खर्चाचे चार मार्ग :

पहिला मार्ग शासकीय अनुदानाचा. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली जनतेसाठी खुले झाले; ते राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेमार्फत केंद्र शासनाच्या निधीवर चालते. मात्र विज्ञान केंद्र आणि संग्रहालय यांत भेद आहे. विज्ञान केंद्राचा भर तत्त्व समजावून देणाऱ्या, हाताळता येणाऱ्या प्रतिकृतींवर असतो. मूळ वस्तूचे जतन हे वेगळे, अधिक खर्चिक आणि कमी दृश्य असे काम आहे.

दुसरा मार्ग सार्वजनिक संस्था व उद्योगसमूह यांच्या भागीदारीचा. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय याचे उत्तम उदाहरण होय. १८७२ साली खुले झालेले हे संग्रहालय जीर्णावस्थेत गेले होते. २००३ साली मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इन्टॅक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. वास्तूच्या पुनरुज्जीवनास २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सामाजिक दायित्वाच्या तरतुदीत राष्ट्रीय वारशाच्या संरक्षणाचा समावेश असल्याने हा मार्ग पुढे अधिक रुंद झाला. १९९६ पासून राष्ट्रीय संस्कृती निधीही देणग्या स्वीकारतो.

तिसरा मार्ग लोकवर्गणीचा. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने २०१५ साली नील आर्मस्ट्राँग यांच्या चांद्रपोशाखाच्या जतनासाठी ५ लाख डॉलर उभे करण्याचे जाहीर आवाहन केले. सुमारे साडेनऊ हजार देणगीदारांनी ७ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली आणि जुलै २०१९ मध्ये पोशाख पुन्हा प्रदर्शित झाला. मुंबईला ही कल्पना नवी नाही. गिरगावातील केशवजी नाईक चाळीपासून लालबाग-परळच्या गिरणगावापर्यंत सार्वजनिक उत्सव वर्गणीवरच उभे राहिले. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थाही लोकाश्रयावर वाढल्या. तथापि वर्गणी एखाद्या निश्चित, भावनिक जवळीक असलेल्या कार्यासाठी सहज मिळते. दरमहाच्या वीजबिलासाठी नव्हे.

मलबार हिलचे उदाहरण :

निधी आणि जबाबदारी यांची सांगड वेळेवर न पडल्यास काय होते, हे डॉ. भाभा यांच्या 'मेहरांगीर' या बंगल्याने दाखवून दिले. त्यांचे बंधू जमशेद भाभा यांच्या पश्चात ही वास्तू नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सकडे आली. तिचे स्मारक वा संग्रहालय करावे, अशी मागणी झाली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तथापि २०१४ मध्ये लिलावात बंगला ३७२ कोटी रुपयांना विकला गेला आणि २०१६ मध्ये तो पाडण्यात आला. ज्या संस्थेकडे तो होता, तिचे कार्यक्षेत्र प्रयोगकलांचे होते. विज्ञानाचे स्मारक चालविणे हा तिचा हेतू नव्हता. दक्षिण मुंबईतील जमिनीच्या भावापुढे केवळ स्मरणाचे मूल्य टिकत नाही. भावाची चर्चा सुरू होण्यापूर्वीच वारसा म्हणून नोंद, निधी आणि उत्तरदायी संस्था या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात.

महाविद्यालयांचे दायित्व :

चौथा मार्ग शिक्षणसंस्थांचा आहे आणि तो सर्वांत कमी खर्चाचा आहे. जुन्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांत दुर्बिणी, वर्णपटदर्शक, चुंबकमापक अशी साधने कपाटांत पडून असतात. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांचे मूल्य नगण्य दाखविलेले असते आणि निर्लेखनाच्या वेळी ती भंगारात जातात. निर्लेखनापूर्वी इतिहास व विज्ञान या दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी यादी तपासणे, वस्तूचे छायाचित्र व पूर्ववृत्त नोंदविणे आणि निवडक वस्तू योग्य संस्थेकडे सुपूर्द करणे, एवढ्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. सूचीकरणाचे काम विद्यार्थी-प्रकल्प म्हणूनही करता येईल. शिवाय सूची असल्याखेरीज कोणत्याही निधीसाठी विश्वासार्ह प्रस्ताव तयार होऊ शकत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की चारांपैकी कोणताही एक मार्ग स्वयंपूर्ण नाही. मूळ वस्तू मिळविण्यासाठी व पुनरुज्जीवनासाठी उद्योगसमूहांचा निधी आणि लोकवर्गणी उपयुक्त ठरते. परंतु नित्य देखभालीचा भार शासन वा विद्यापीठ यांसारख्या स्थायी संस्थेनेच उचलला पाहिजे, आणि कोणत्याही देणगीतील काही हिस्सा कायम निधी म्हणून राखून ठेवला पाहिजे. कोणती वस्तू उद्या उपयोगी ठरेल, हे आज सांगता येत नाही. कुलाब्याच्या निरीक्षकांनाही ते सांगता आले नसते. त्यांनी नोंद केली आणि नंतरच्यांनी ती सांभाळली, म्हणूनच १८५९ च्या वादळाचे मोजमाप २००३ साली शक्य झाले.